घरपोच मोफत, पण नाक्यापर्यंत

पलीकडच्या वहिनींकडे मंगळवारी भलामोठा खोका आला. इतका मोठा, की डिलिव्हरीचा पोरगा पाखाडी चढत होता तेव्हा खोकाच चालत येतोय असं वाटत होतं. खाली दोन पाय तेवढे दिसत होते. वाडीत असली गोष्ट लपत नाही. मी आगरात पाणी लावत होते, माई गडग्याच्या पलीकडे आमसुलं वाळत घालत होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हातातलं काम आपोआप थांबलं.

"टीव्ही असेल," माई म्हणाल्या.

"टीव्ही चपटा असतो हो हल्ली. हा चांगला चौकोनी होता."

"मग कपाट."

"कपाट घेऊन तो पोरगा शिट्टी वाजवत चढेल होय? हलकं आहे काहीतरी."

"हलकं नि एवढं मोठं? फेण्या मागवल्यान की काय हिने?"

दोन दिवस आम्ही कळ काढली. तिसऱ्या दिवशी वहिनी कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा माईंनी आडपडदा न ठेवता सरळ विचारलं, "अगो, खोक्यात काय होतं परवा?"

"रिंग," वहिनी म्हणाल्या.

"कसली रिंग?"

"मिक्सरच्या भांड्याची. झाकणाला असते ना, रबराची, ती."

माईंच्या हातातलं सोलं हातातच राहिलं. एवढ्या खोक्यात ती रिंग, आणि बाकी सगळ्या हवा भरलेल्या पिशव्या. पोरं आता त्या पायाखाली फोडत बसली आहेत. काल दुपारभर जे फाटफाट वाजत होतं ते तेच.

मग सगळा इतिहास बाहेर आला. नाक्यावरच्या दुकानात त्या मापाची रिंग नव्हती. देवरुखला जायचं तर 2023 पासून आपल्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट, ते खरं. पण सकाळची गाडी गेली की दुपारशिवाय नाही, आणि एका रिंगपायी अर्धा दिवस कोण घालवणार? म्हणून वहिनींनी मोबाइलवर शोधली. किंमत 129 रुपये. बरी वाटली. पत्ता भरला, पिनकोड भरला, पुढे गेल्या, तर डिलिव्हरीचे 70.

"एकशे एकोणतीसच्या वस्तूला सत्तर!" वहिनी म्हणाल्या. "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मी परतच फिरत होते, तर खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, आणखी 370 रुपयांची खरेदी करा आणि डिलिव्हरी मोफत मिळवा."

"आणि तू केलीस."

"लगेच नाही केली. विचार केला."

विचार करून वहिनींनी काय काय घेतलं, ते त्या सांगत गेल्या आणि माईंच्या भुवया एकेक पायरी वर चढत गेल्या. बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश. चष्मा गळ्यात अडकवायची दोरी. वहिनींना चष्मा नाही. लिंबाच्या बिया अडवणारी चिमुकली गाळणी. आणि पाय घासायचा दगड.

"काय?" माई म्हणाल्या.

"दगड. टाचा घासायला. त्र्याहत्तर रुपये."

"कोकणात राहून दगड विकत घेतलास? अगो, पऱ्ह्यात उतर, हवे तेवढे आण! हा गडगा कशाचा आहे? यातला एक चिरा उपसून दिला असता मी तुला."

"तो खास दगड असतो, माई. ज्वालामुखीतला."

"मग सह्याद्री कशातला आहे?"

यावर वहिनींकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

खरी गंमत पुढे होती. सगळी बेरीज 508 झाली, हिरवी अक्षरं म्हणाली अभिनंदन, डिलिव्हरी मोफत. वहिनी खूश. तेवढ्यात त्यांच्या खात्यावरचं कुठलंसं पंचवीस रुपयांचं कूपन आपोआप लागलं. 483. लगेच सत्तर रुपये परत आले. म्हणजे कंपनीने पंचवीस रुपये सूट देऊन सत्तर रुपये कापले. कूपन काढून टाकायचं बटण त्यांना सापडेना. मग केसांच्या पिना घेतल्या. मग ती हद्द एकदाची पार झाली. शेवटच्या पानावर हाताळणीचे म्हणून काही रुपये आले, आणि रोखीने देणार म्हटल्यावर त्याचे आणखी वेगळे.

"हाताळणीचे?" माई म्हणाल्या. "न हाताळता पाठवणार होते का? फुंकरीनं?"

माझं मत विचाराल, तर सत्तर रुपयांचं एवढं काही नाही. नाक्यापासून रिक्षा केली तर तेवढे जातात, आणि त्याबद्दल कोणी रिक्षावाल्याशी वैर धरत नाही. राग येतो तो आपल्याला बसवून ठेवून त्यांचा गल्ला आपल्याच हातून भरून घेतात त्याचा. दुकानात वाणी सुटे नाहीत म्हणून गोळी देतो, तेव्हा निदान गोळी आपण मागितली असं तरी तो म्हणत नाही. इथे दगड आपणच शोधायचा, आपणच टोपलीत टाकायचा आणि वर सत्तर रुपये वाचले म्हणून आपणच खूश व्हायचं.

आमचा आवाज वाढला तसे अण्णा पडवीतून उठून आले. अण्णा म्हणजे माईंचे यजमान. सगळी हयात पोस्टात गेली, त्यामुळे पार्सल हा शब्द कानावर पडला की त्यांना झोप लागत नाही.

"याला नियम आहेत," अण्णा म्हणाले. "2020 च्या जुलैत सरकारने ई-कॉमर्सचे नियम काढले. वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची, आणि त्यात डिलिव्हरी किती, पोस्टेज नि हाताळणी किती, कर किती, ते फोड करून दाखवायचं."

"दाखवलं की त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "शेवटी."

"तिथेच तर मेख आहे. आधी कमी किंमत दाखवायची नि गिऱ्हाईक आत शिरलं की थेंबथेंब वाढवत न्यायची, याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात. 2023 च्या नोव्हेंबरात त्याचीही मार्गदर्शक तत्त्वं आली. असल्या फसव्या तऱ्हा कोणकोणत्या, त्याची यादीच दिलीय. तेरा."

"तेरा?" माईंना हे फारच वाटलं. "आमच्या लहानपणी दोनच होत्या. काटा मारायचा, नाहीतर खोबरेल उन्हात ठेवलं नाही म्हणून घट्ट आहे सांगायचं."

"न विचारता टोपलीत काहीतरी टाकणं हे त्या तेरांत आहे. लवकर घ्या, दोनच उरले, असं खोटं सांगून घाई करणं आहे. नको म्हणायला गेलं की लाज वाटेल असा मजकूर दाखवणं आहे."

"तो मला दाखवला होता!" वहिनी उसळल्या. "नको म्हणायच्या बटणावर लिहिलेलं, नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत. मग कसं दाबायचं हो ते?"

"1915 ला फोन करायचा. ग्राहकांची हेल्पलाइन आहे."

"पाय घासायच्या दगडासाठी मी सरकारला फोन करू?"

अण्णा गप्प झाले. सरकारी माणूस असले तरी त्यांना पटलं असावं. कंपन्या याच हिशेबावर जगतात. सत्तर रुपयांसाठी फोन उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आता खोका. रिंगेला एवढा खोका का, हा माईंचा मूळ प्रश्न तसाच राहिला होता. त्यांची स्वतःचीही एक जखम होती. मुलगी हैदराबादला असते, तिला इथलं बांबूचं सूप हवं होतं. माईंनी नवं सूप घेतलं, कागदात गुंडाळलं आणि कुरिअरवाल्याकडे नेलं. सुपाचं वजन ते काय, माणसाने फुंकर मारली तर हलेल. कुरिअरवाल्याने पट्टी काढली. लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी चाळीस, बांधल्यावर उंची पंधरा. तिन्हींचा गुणाकार केला, पाच हजाराने भागला आणि म्हणाला, पाच किलो चारशे ग्रॅम.

"मी म्हटलं, अरे सूप आहे ते, पाटा नाही!"

"जागेचं वजन धरतात," अण्णा म्हणाले. "गाडीत जागा किती अडते त्यावर. बरोबरच आहे ते. गाडी सुपांनी भरली तर डिझेल तेवढंच लागणार."

"मग हिच्या रिंगेच्या खोक्याचे कुणी दिले?"

"हिनेच," अण्णा म्हणाले. "दगडात."

हसलो आम्ही, पण वहिनींचा चेहरा जरा उतरलाच. त्यात भर म्हणजे बाकीच्या वस्तू अजून यायच्याच होत्या. टोपली एक, पैसे एकदम, पण ब्रश एका विक्रेत्याचा, दोरी दुसऱ्याची, दगड तिसऱ्याचा. सगळं एकत्र घेतलं म्हणून डिलिव्हरी मोफत, आणि येणार मात्र वेगवेगळं. म्हणजे त्या पोराला पाखाडी पुन्हा पुन्हा चढायची. एवढं करून त्या यादीतली एखादी वस्तू परत केली, तर बेरीज हद्दीच्या खाली गेली म्हणून डिलिव्हरीचे पैसे कापून घेणारेही आहेत. वहिनींनी म्हणूनच चष्म्याची दोरी परत करायचा बेत सोडून दिला. ती आता किल्ल्यांना लावणार आहेत.

नाव काढलं नि पोरगा आला. म्हणजे शुक्रवारी तोच डिलिव्हरीचा पोरगा ब्रश घेऊन खालून हाका मारायला लागला. "काकू, खाली येता का नाक्यावर?"

"घरपोच लिहिलंय ना रे?" वहिनी वरूनच ओरडल्या.

"लिहिलंय हो, पण गाडी वर चढत नाही!"

आला शेवटी. घामाघूम. माईंनी त्याला गडग्यावरूनच कोकम सरबत दिलं. बी.ए. झालेला मुलगा आहे, खालच्या वाडीतला, स्वभावाने गोड. त्याला पार्सलमागे ठरावीक रुपये मिळतात, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, आणि गिऱ्हाईक घरात नसलं नि माल परत न्यावा लागला तर ती फेरी धर्मार्थ. सध्या निदान ऊन आहे. पावसाळ्यात पाखाडीला शेवाळ धरतं तेव्हा तो अनवाणी चढतो, हे मी स्वतः पाहिलंय. मोफत डिलिव्हरीत जे काही खरोखर मोफत आहे ते बहुतेक एवढंच.

"तुमचं हे पार्सल भिवंडीहून निघालं, काकू," तो सरबत पीत म्हणाला. भिवंडीच्या गोदामांची नावं त्याला आपल्या पाहुण्यांच्या गावांसारखी पाठ आहेत. "तिथून हायवेनं सरळ खाली यायचं ना? नाही. आधी पुणं, मग कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा, मग आपल्याकडे."

"म्हणजे आमच्यापेक्षा ब्रश जास्त फिरला," वहिनी म्हणाल्या. "मी कोल्हापूरची अंबाबाई अजून पाहिली नाही."

"त्याने तरी कुठे पाहिली," माई म्हणाल्या.

पोरगा गेल्यावर अण्णांना बोलायला मोकळी जागा मिळाली. वहिनींनीच विषय काढून दिला. त्यांच्या माहेरी म्हणे काही मागवायला गेलं की पिनकोड टाकल्याबरोबर येतं, या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही. आणि हेही सगळी टोपली भरून झाल्यावर. अण्णांना ते लागलं.

"पिनकोड म्हणजे काय समजता तुम्ही? माणूस सापडावा म्हणून केला तो. वगळावा म्हणून नव्हे. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. केला कुणी? श्रीराम भिकाजी वेलणकर. आपला मराठी माणूस, संस्कृतचे पंडित, नाटकं नि काव्यं लिहिणारे, आणि टपाल-तार खात्यात मोठ्या हुद्द्यावर. मी नोकरीला लागलो तेव्हा पिनकोड नवीनच होता. लोकांना पाठ होईना. आम्ही पत्रांवर हाताने घालायचो. पहिला अंक 4, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा टापू. पहिले तीन अंक 415 असले तर पत्र साताऱ्याचंही असू शकतं नि रत्नागिरीचंही. शेवटचे तीन पाहिले की नेमकं पोस्ट ऑफिस. देशात दीड लाखावर पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली बहुतेक खेड्यांत. या पिनला सेवा नाही असं आम्ही कधी कुणाला म्हटलं?"

"उशिरा म्हटलं असेल," माई म्हणाल्या.

"उशीर झाला असेल. नाही, असं नाही म्हटलं."

आणि मग ते व्ही.पी.वर आले. ते येणारच होते. आताच्या पोरांना वाटतं, वस्तू दारात आल्यावर पैसे द्यायचे ही कल्पना मोबाइलबरोबर जन्माला आली. 2010 च्या सुमारास फ्लिपकार्टने ते सुरू केलं तेव्हा वर्तमानपत्रांत केवढं कौतुक झालं. अण्णांच्या मते त्यात नवं काहीच नव्हतं. व्हॅल्यू पेएबल पोस्ट हिंदुस्थानात 1877 सालापासून आहे. म्हणजे आपलं साधं पोस्टकार्ड निघालं 1879 ला, त्याच्याही आधी. मासिकांच्या मागच्या पानांवर जाहिराती असायच्या. दमा, मूळव्याध, केशवर्धक तेल, जादूचे प्रयोग शिकवणारं पुस्तक. पत्र टाकायचं, पोस्टमन पुडकं घेऊन यायचा, आधी पैसे मोजून घ्यायचा, मग पुडकं हातात द्यायचा. पैसे मनीऑर्डरने पाठवणाऱ्याकडे.

"आणि जाहिरातीत खाली काय लिहिलेलं असायचं?" अण्णांनी बोट वर केलं. "टपालखर्च वेगळा. बस्स. पुस्तक दोन रुपये, टपालखर्च वेगळा. घ्यायचं तर घ्या."

"तुम्ही घेतलं होतंत ना एक," माई म्हणाल्या. "केशवर्धक तेल."

अण्णांनी टकलावरून हात फिरवला आणि विषय फ्रान्सला नेला. म्हणजे उगाच नव्हे. त्यांची भाची तिकडे ल्योंला असते, तिने फोनवर सांगितलेलं. तिकडे पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला पाच टक्क्यांहून जास्त सूट देताच येत नाही. 1981 पासूनचा कायदा आहे. छोटी दुकानं जगावीत म्हणून. मग ऑनलाइनवाले पाच टक्के सूटही द्यायला लागले आणि वर डिलिव्हरीही मोफत. सरकारने 2014 ला कायदा केला, सूट नि मोफत डिलिव्हरी दोन्ही एकदम द्यायची नाहीत. मोफत पाठवायचं बंद.

"मग?"

"मग अ‍ॅमेझॉनने डिलिव्हरीचा दर लावला. एक सेंट."

"म्हणजे किती?"

"एका युरोचा शंभरावा भाग. आपल्याकडचा रुपयाच म्हण."

आम्ही तिघीही मनापासून हसलो. एवढ्या लांबच्या देशातलं सरकारही आपल्यासारखंच, हे ऐकून बरं वाटतं.

"नऊ वर्षं तसंच चाललं," अण्णा म्हणाले. "2023 च्या ऑक्टोबरपासून मग सरकारने खालचा आकडाच ठरवून दिला. पस्तीस युरोच्या आतली पुस्तकं असली तर डिलिव्हरीचे कमीत कमी तीन युरो घ्यायचेच."

"आणि पस्तीसच्या वर?"

"वर मोफत नाहीच, पण एक सेंट चालेल."

"म्हणजे तिकडच्या बायकाही पस्तीस करायला आणखी एखादं पुस्तक टाकत असणार," वहिनी म्हणाल्या. त्यांना जरा धीर आल्यासारखा वाटला. "पुस्तकच, म्हणजे बरंय. दगड तरी नाही."

मग वहिनींच्या डोक्यात आलं, की माईंच्या मुलाने पुण्यात वर्षाची मेंबरशिप घेतली आहे, त्यात सगळी डिलिव्हरी मोफत असते. त्याच्याच खात्यावरून का मागवू नये? त्या मेंबरशिपचं मला माहीत होतं. अ‍ॅमेझॉन प्राइम आपल्याकडे 2016 च्या जुलैत आलं तेव्हा वर्षाला 499 होतं, पुढे 999 झालं, 2021 च्या डिसेंबरपासून 1499. मी हिशेब मांडून दाखवला. वहिनींचे सत्तर रुपये धरले, तर वर्षात बावीस वेळा मागवेपर्यंत ती मोफत डिलिव्हरी मोफत होतच नाही.

"मागवतो की तो," माई म्हणाल्या. "परवा नेलकटर एकटं मागवलंन. मी विचारलं, दुकान इमारतीच्या खालीच आहे ना रे? तर म्हणतो, आई, पैसे भरलेत ना वर्षाचे, वसूल नको करायला?"

आवळा देऊन कोहळा काढणं ऐकलं होतं. इथे कोहळ्याचे पैसे आगाऊ देऊन माणूस आवळे मोजत बसतो.

इतका वेळ माई कंपन्यांना नावं ठेवत होत्या आणि आम्ही मान हलवत होतो. पण माईंचाही धंदा आहे, हे गडग्याच्या अलीकडे सगळ्यांना माहीत आहे. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मेतकूट. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकतात. गिऱ्हाइकं मुंबई, ठाणे, पुणे. माल चोख असतो, त्याबद्दल कोणी बोट ठेवणार नाही. वहिनी मोबाइल काढून माईंची या वर्षाची यादी वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता थांबल्या.

"माई, आमसुलं अर्धा किलो 360? गेल्या वर्षी तर 300 होती."

"महागाई झाली ना."

"आणि हे खाली काय? दोन हजारांच्या वरील खरेदीवर घरपोच मोफत."

माई आमसुलं उलटायला लागल्या. उलटून झाली होती, तरी.

"वाच, वाच, मोठ्यानं वाच," अण्णा म्हणाले. "मी सांगत होतो, टपालखर्च वेगळा लिही."

"लिहिलं होतं गेल्या वर्षी!" माई उखडल्या. "तुमचंच ऐकून लिहिलं होतं. अर्धा किलो 300, पार्सलखर्च वेगळा. लोक विचारायचे, पार्सलचे किती? मी सांगायची, नव्वद. की मग बाई गुल. निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. पुण्याची एक तर म्हणाली, नव्वद रुपये? आम्हाला ऑनलाइन सगळं फ्री येतं. मी म्हटलं, मग ऑनलाइनच घ्या की. तर घेतलंन! कुठल्याशा कंपनीची आमसुलं. ती काय आमसुलं असतात? नुसता रंग नि मीठ. यंदा साठ रुपये वर चढवले, नव्वदातले तीस मी सोसते नि खाली मोफत लिहिलं. चैत्रातच निम्मा माल गेला."

"आणि जी फक्त किलोभर आमसुलं घेते, तिचे दोन हजार कसे होतात?" वहिनींनी विचारलं. त्यांना आता सगळं चांगलंच दिसायला लागलं होतं.

"ती मग आंबापोळी घेते. पीठ घेते."

"नको असलं तरी?"

"कुळथाचं पीठ कोणाला नको असतं?"

"मला दगड नको होता."

"पीठ खातात गो. दगड खात नाहीत." माईंचा मुद्दा बिनतोड होता, आणि त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही. शिवाय माई खोका मोजूनमापून भरतात, हेही सांगायला हवं. सुपाचा धडा आहे तो. आमसुलांच्या पुड्यांमध्ये राहिलेल्या फटींत मेतकुटाच्या छोट्या पिशव्या बरोब्बर बसवतात, एक बोट जागा वाया जात नाही. रिंगेच्या खोक्यात त्यांनी वाडीची बेगमी पाठवली असती.

तेवढ्यात माईंचा मोबाइल वाजला. ठाण्याच्या एक बाई, दरवर्षीचं गिऱ्हाईक. माईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि हात आमसुलांनी लाल, म्हणून मी मोठ्याने वाचलं. नमस्कार माई, यंदा दोन किलो आमसुलं हवी आहेत, नि आंबापोळी. आम्ही सुट्टीत पुढच्या आठवड्यात गावी येतोच आहोत, जाताना तुमच्या घरूनच घेऊ. पार्सल लागणार नाही, तर दर कितीला पडेल?

गडग्यावर शांतता. अण्णांनी आकाशाकडे पाहिलं. वहिनींनी ओठ दाबून धरले.

"काय लिहू?" मी विचारलं.

माईंनी पदराला हात पुसले, एकदा अण्णांकडे पाहिलं, आणि ठासून सांगितलं, "लिही. दर तोच आहे. पण स्वतः दारात आलात तर कोकम सरबत मोफत."

"किती किलोच्या वर?" वहिनींनी विचारलं.